दरवर्षी लस टोचूनही जनावरांना रोग होतातच, मग ठणठणीत जनावराला लस द्यायची कशाला? लसीने जगातून एखादा रोग कधी गेलाय का?

हो, गेलाय. बुळकांडी, गुरांचा एक जीवघेणा साथीचा रोग.

तुम्ही लिहिलंय की लाळ्या-खुरकूत झालं, लंपी झाला, सरकारी माणसं येऊन टोचून जातात, दूध कमी होतं आणि रोग यायचा तो येतोच. वर साथ आली की बाजार बंद करून शेतकऱ्यालाच मारतात. यातल्या पहिल्या वाक्याचं उत्तर आमच्या घरात आहे आणि शेवटच्या वाक्यावरून आमच्या भावकीत भांडण झालंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, गुरांच्या दवाखान्यात परिचर होते. सगळी नोकरी आटपाडी-सांगोला पट्ट्यात झाली. बुळकांडीची लस बर्फाच्या डब्यात घेऊन डॉक्टरांबरोबर ते वाड्यावस्त्यांवर हिंडले. ती लस एकदा पाण्यात मिसळली की थोड्या तासांत संपवावी लागायची, म्हणून दिवस उगवायच्या आत गुरं एका जागी आणायला लावायचे. लोक शिव्या द्यायचे, गाभण गाय गाभडेल म्हणून अंगावर यायचे. बुळकांडीचं जनावर कसं दिसतं ते आण्णा अजून सांगतात: तोंड आतून सोललेलं, डोळ्यांतून पू, शेपटीखाली सगळं भरलेलं, पाण्यासारखी रक्ताची हगवण आणि वास असा की गोठ्याच्या दारात उभं राहवत नाही. आठ-दहा दिवसांत खेळ खलास, आणि एक गेलं की दावणच्या दावण जायची.

तुम्ही आम्ही आज हे बघत नाही, कारण भारतात बुळकांडीचं शेवटचं जनावर 1995 साली सापडलं. त्यानंतर लस मुद्दाम बंद करून देशभर रक्ताचे नमुने तपासले, कारण लस चालू असताना रोग गेलाय की नुसता दबलाय हे कळत नाही. 2006 मध्ये देश बुळकांडीमुक्त ठरला आणि 2011 मध्ये सगळं जग. माणसांच्या देवीनंतर माणसानं पृथ्वीवरून घालवलेला हा दुसराच रोग. 1890 च्या दशकात याच रोगानं आफ्रिकेच्या मोठ्या भागातली शंभरातली ऐंशी-नव्वद गुरं मारली होती. इथिओपियात पाठोपाठ असा दुष्काळ पडला की माणसांचा तिसरा हिस्सा गेला असं मानतात. तेव्हा ‘लसीनं काय होतं’ हे वाक्य आण्णांसमोर कुणी बोललं तर ते जेवत्या ताटावरून उठतात.

मग लाळ्या-खुरकूत का जात नाही? रोगारोगात फरक असतो. बुळकांडीचा विषाणू एकाच जातकुळीचा होता, एकदा नीट लस बसली की जनावर जन्मभर सुरक्षित. लाळ्या-खुरकुताच्या विषाणूचे जगात सात प्रकार आहेत, आपल्याकडे मुख्यतः ओ, ए आणि एशिया-1 हे तीन. एकाची लस दुसऱ्याला चालत नाही आणि जोर सहाएक महिन्यांत उतरतो. म्हणून वर्षातून दोनदा टोचावं लागतं. 2019 पासून केंद्राचा मोठा कार्यक्रम चालू आहे, 2030 पर्यंत हा रोग देशातून घालवायचं ठरलंय. गावातल्या निम्म्या लोकांनी टीम आली की गुरं रानात हाकलली तर 2030 काय आणि 2050 काय.

आता लंपी. 2022 च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात रावेर तालुक्यातल्या चिनावलला त्या साथीतलं राज्यातलं लंपीचं पहिलं जनावर सापडलं. आम्ही बातमी वाचली तेव्हा जळगाव लांब वाटत होतं. गणपतीच्या आसपास माझ्या चुलत भावानं, त्याला मी दादा म्हणतो, व्यापाऱ्याकडून एक संकरित गाय घेतली. रात्री पिकअपमधून आली. आमचे दोघांचे गोठे एकाच भिंतीला, मध्ये पाण्याचा हौद सामाईक. आण्णा काठी टेकत तिथवर गेले आणि म्हणाले, “नवं जनावर हाय. म्हैनाभर रानातल्या छपरात बांध, ह्या हौदावर आणू नको.” दादानं ऐकून घेतलं, आणि गाय तिथंच बांधली. आण्णांची नोकरीच जुनी झाली, त्यांना आता काय कळतं, असं तो नंतर चारचौघांत बोलला.

चार-सहा दिवसांत त्या गाईनं वैरण सोडली. दादानं एका खाजगी माणसाला बोलावून इंजेक्शन करून घेतलं. त्यानं सांगितलं, उष्णतेनं पित्त उठलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर गाईच्या पाठीवर झूल. भर पावसाळ्यात, ना सण ना मिरवणूक. दादा डेअरीत दूध घालायला गेला तसा मी हौदाकडून आत गेलो आणि झुलीखाली हात घातला. मानेपासून मांडीपर्यंत सुपारीएवढ्या गाठी, कडक, कातडीतच रुतलेल्या. अंग इतकं तापलेलं की हात ठेववत नव्हता. गळ्याखालच्या पोळीला सूज, नाकाडोळ्यांतून पाणी.

त्यानं का लपवलं ते मला माहीत आहे, आणि ते सांगायला हवं. त्या दिवसांत अशी आवई उठली होती की लंपीच्या गाईचं दूध प्यायलं की माणसाला रोग होतो. हे साफ खोटं आहे, लंपी माणसाला होत नाही, दूध उकळून खुशाल प्या. पण डेअरी दूध घ्यायची बंद होईल ही भीती खरी होती, आणि दादाच्या घरातला आठवड्याचा बाजार दुधाच्या बिलावर चालतो. भीती समजते. पण त्यानं ती झूल माझ्या डोळ्यांसमोर घातली, आणि माझा खोंड भिंतीच्या पलीकडे बांधलेला आहे हे त्याला ठाऊक होतं.

मी त्याच दुपारी दवाखान्यात जाऊन सांगितलं. टीम आली, गाय वेगळी काढायला लावली, आसपासच्या वस्त्यांवरच्या सगळ्या निरोगी जनावरांना लस टोचली. तेव्हा शेळ्यांच्या देवीचीच लस लंपीवर वापरत होते, कारण दोन्ही विषाणू एकाच घराण्यातले. खास लंपीची लस हिसार आणि इज्जतनगरच्या शास्त्रज्ञांनी त्याच ऑगस्टमध्ये तयार म्हणून जाहीर केली होती, पण ती गावात यायला वेळ होता. लस दिल्यावर अंगात ताकद यायला तीनेक आठवडे लागतात. माझ्या खोंडाला तेवढे मिळाले नाहीत. टीम आली तेव्हाच त्याला ताप होता, म्हणून त्याला टोचलंच नाही.

खिलार खोंड होता, दीड वर्षाचा, घरच्या गाईचा. आधी पुढचे पाय सुजले, गुडघा वाकेना, बसला की उठवायला तिघं लागायचे. मग गाठी फुटल्या. खपलीसकट कातडीचा गोल तुकडा सुटायचा आणि खाली लाल मांस. मी आणि माझी बायको सकाळ-संध्याकाळ पोटॅशच्या पाण्यानं जखमा धुवायचो. खांद्याजवळच्या एका जखमेत अळ्या पडल्या, त्या टर्पेंटाइनच्या बोळ्यानं काढायचो, आणि तो मान वळवून माझा हात चाटायचा. डॉक्टर रोज येऊन ताप उतरायचं, जखमा चिघळू नयेत म्हणून प्रतिजैविक असं देत होते, कारण या विषाणूवर थेट औषध नाही. शेवटी श्वास लागला. बांधावर आठ फूट खड्डा काढून चुना टाकून पुरला.

आमच्या बाकीच्या गुरांपैकी एका कालवडीला थोड्या गाठी उठल्या आणि बसल्या. इतरांना काही झालं नाही. तुम्ही म्हणता ना, लस देऊनही रोग येतो, तो असा येतो: विषाणू आधीच अंगात शिरलेला असतो, लक्षणं दिसायला पंधरवडाही लागू शकतो, आणि लस मध्येच दिली जाते. दोष लसीला मिळतो. लस वेळेवर, म्हणजे साथ दारात यायच्या आधी घ्यायची असते. बल्गेरियात 2016 मध्ये लंपी शिरला तेव्हा त्यांनी देशातली गुरं सरसकट टोचून काढली आणि काही महिन्यांत रोग थांबवला. तिथली गुरं आपल्याइतकी नाहीत हे मान्य, पण विषाणू तोच.

बाजार बंद करण्याबद्दल. गोचीड, डास, चावऱ्या माशा लंपी पसरवतात हे खरं, पण माशी काही शेकडो मैल उडून जात नाही. शेकडो मैल जातं ते जनावर, गाडीत बसून. जनावरांच्या रोगांवर लक्ष ठेवणारी जागतिक संघटना आज पॅरिसमध्ये आहे, ती जन्मली ती अशाच एका खेपेमुळे. 1920 साली त्या वेळच्या हिंदुस्थानातून ब्राझीलला निघालेली वशिंडाची गुरं वाटेत बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात उतरवली, आणि बुळकांडी युरोपात शिरली. युरोप इतका हादरला की 1924 मध्ये 28 देशांनी एकत्र येऊन ठरवलं, रोग आला की एकमेकांना कळवायचं. संघटना नंतर वाढली, शेकडो नियम झाले, पण पाया तोच: कळवायचं. आणि इंग्लंडमध्ये 2001 साली लाळ्या-खुरकूत उघडकीला येईपर्यंत मेंढ्या बाजारांतून देशभर पोचल्या होत्या. साथ संपेपर्यंत साठ लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली. त्यामुळे आपल्या सरकारनं 2022 च्या सप्टेंबरमध्ये सगळं राज्य नियंत्रित क्षेत्र ठरवून बाजार, शर्यती, वाहतूक बंद केली ते योग्यच होतं. माझं मत विचाराल तर आठ दिवस आधी करायला हवं होतं.

दादा त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही. त्याचं म्हणणं, मी घरातली गोष्ट चव्हाट्यावर मांडली. “माझ्या जनावराचं मी बघून घेतलं असतं.” भावकीतले तीन-चार जण अजून त्याच्या बाजूनं आहेत, आणि तुमच्या प्रश्नातही मला तोच सूर ऐकू आला, म्हणून सांगतो. साथीच्या रोगात ‘माझं जनावर’ असं काही नसतं. हौद एक, माशी एक, गायरान एक. जनावरांच्या साथरोगांचा 2009 चा कायदाही हेच म्हणतो: रोगाचा संशय आला तरी मालकानं गावातल्या जबाबदार माणसाला किंवा दवाखान्याला कळवायचं आणि ते जनावर वेगळं करायचं. कळवणं म्हणजे चुगली नव्हे. नवं जनावर तीन-चार आठवडे लांब, वेगळ्या पाण्यावर, वेगळ्या बादलीवर ठेवणं हा शेजारधर्म आहे, आणि तो न पाळणाऱ्याला दोन शब्द सुनावण्याचा अधिकार शेजाऱ्याला आहे. नात्यानं थोरला असला तरी.

आणखी एक, जे दादाला कुणी सांगत नाही. पुढे त्याचंही एक वासरू लंपीनं गेलं. राज्य सरकारनं तेव्हा दुभत्या गाईला 30,000, बैलाला 25,000 आणि वासराला 16,000 रुपये मदत ठरवली होती. ती मिळायला पंचनामा लागतो, डॉक्टरांनी रोग लिहिलेला लागतो. झुलीखाली मेलेल्या वासराचा पंचनामा होत नाही. त्याला ते पैसे मिळाले, कारण त्याचा गोठा तोवर दवाखान्याच्या नोंदीत आला होता, आणि तो नोंदीत आणला मी.

राहिलेलं थोडक्यात. मी डॉक्टर नाही, शेतकरी आहे. आजारी, तापलेल्या किंवा अगदी विण्याला आलेल्या जनावराला लस द्यायची की थांबायचं हे डॉक्टरांनाच विचारा. लस दिल्यावर दोन-तीन दिवस दूध थोडं कमी येतं, टोचल्या जागी गाठ येते, हे खरंय, नाकारत नाही. लंपीची लस घेतली म्हणजे शंभर टक्के काही होणार नाही असंही नाही, पण झालं तरी जनावर बहुधा तरून जातं. एका सुईनं ओळीनं सगळी गुरं टोचू देऊ नका, प्रत्येकाला नवी सुई मागा, त्यात लाजायचं काही नाही. सगळे खाजगी पशुवैद्यक वाईट असंही मला म्हणायचं नाही, पण अंगावर गाठी आणि ताप दिसला तर आधी सरकारी दवाखाना, नाहीतर 1962 या पशुवैद्यकीय हेल्पलाइनला फोन. बाजार बंद असताना व्यापाऱ्याचं, हमालाचं, बैल विकून लग्न काढणाऱ्याचं जे नुकसान होतं त्याची भरपाई कुणी देत नाही, ही तुमची तक्रार रास्त आहे आणि तिच्यासाठी जरूर भांडा. लस नाकारून मात्र भांडू नका. घरात पाड्या, म्हणजे मादी वासरं असतील, तर त्यांना चार ते आठ महिन्यांच्या वयात सांसर्गिक गर्भपाताची लस एकदाच मिळते. ते वय निघून गेलं की देत नाहीत, आणि तो रोग माणसालाही होतो.