उंदरांवरचा प्रयोग माणसाला कितपत लागू?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ दहा वर्षांपासून पेट्रोलपंपावर काम करतो. पेट्रोलची वाफ हुंगवलेल्या उंदरांच्या मूत्रपिंडात कर्करोगाच्या गाठी झाल्या, असे वाचनात आले. मात्र हा निष्कर्ष माणसाला लागू नाही, असेही तिथेच लिहिले होते. मग भावाने काळजी करावी की नाही?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपण वाचलेल्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, परंतु दुसरीवरून ‘पेट्रोलची वाफ निर्धोक आहे’ असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल.

हा प्रयोग अमेरिकेतील तेल उद्योगाच्या संघटनेने करवून घेतला आणि 1984 मध्ये तो प्रसिद्ध झाला. रॅट आणि माऊस, म्हणजे मोठे व लहान अशा दोन्ही जातींच्या उंदरांना बंद कक्षांत ठेवून, शिसेविरहित पेट्रोलची संपूर्ण वाफ करून ती हवेत दर दशलक्ष भागांमागे 67, 292 आणि 2056 भाग अशा तीन प्रमाणांत, दिवसाला 6 तास, आठवड्याला 5 दिवस, सुमारे दोन वर्षे देण्यात आली. तुलनेसाठीच्या गटाला तशाच कक्षांत स्वच्छ हवा मिळत होती. मूत्रपिंडाच्या गाठी आढळल्या त्या नर रॅटमध्ये, माद्यांत नव्हे. सर्वाधिक मात्रेच्या गटातील माऊस माद्यांमध्ये यकृताच्या गाठी वाढल्या होत्या.

नर आणि मादी यांच्यातील या फरकानेच पुढच्या संशोधनाला दिशा दिली. नर रॅटचे यकृत ‘अल्फा-2यू-ग्लोब्युलिन’ नावाचे प्रथिन मोठ्या प्रमाणात तयार करते आणि ते मूत्रपिंडातून गाळले जाऊन काही अंशी पुन्हा शोषले जाते. पेट्रोलमधील आयसो-ऑक्टेनसारख्या घटकांपासून शरीरात बनणारे पदार्थ या प्रथिनाला चिकटतात, त्यामुळे त्याचे विघटन मंदावते, पेशींत त्याचे थेंब साचतात, पेशी मरतात, त्यांची जागा घेण्यासाठी नव्या पेशी सतत विभागत राहतात आणि त्यातून गाठी उद्भवतात. हे प्रथिन न बनवणाऱ्या रॅटच्या वाणात तसा बिघाड दिसला नाही. माणसाच्या शरीरातही ते बनत नाही. म्हणूनच अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 1991 मध्ये, केवळ या मार्गाने होणाऱ्या गाठी माणसाच्या धोक्याचा अंदाज बांधताना धरू नयेत, असे ठरवले. माझ्या मते तो निर्णय योग्य होता.

प्रयोगात आणखी एक उणीव होती. टाकी भरताना माणसाच्या नाकात जाते ती मुख्यतः ब्युटेन, पेंटेन यांसारख्या हलक्या घटकांची वाफ. संपूर्ण पेट्रोल उष्णतेने उडवले की जड घटकही तिच्यात येतात. पुढे अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्याखालील चाचण्यांत ही चूक सुधारली गेली. तिथे पेट्रोलमधून प्रत्यक्ष उडणारा भाग थंड करून गोळा केला गेला आणि तोच रॅटना 13 आठवडे, घनमीटरमागे 20,000 मिलिग्रॅमपर्यंतच्या मात्रेत देण्यात आला.

आपल्या भावाच्या दृष्टीने मात्र महत्त्वाचा पुरावा माणसांवरच्या अभ्यासांतून आला आहे. पेट्रोलमधील बेंझीन या घटकामुळे रक्ताचा कर्करोग होतो, हे त्याच्या संपर्कात आलेल्या कामगारांच्या आजारांवरून सिद्ध झाले. आपल्याकडील बीएस-6 (भारताचे वाहन-प्रदूषण मानक) पेट्रोलमध्येही त्याला 1 टक्क्यापर्यंत मुभा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1989 मध्ये पेट्रोलला ‘संभाव्य’ कर्करोगकारकांत ठेवले होते; 2025 मध्ये मूत्राशयाचा कर्करोग आणि तीव्र मायलॉइड ल्युकेमिया (रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार) यांच्या पुराव्यावरून तिने ते निश्चित कर्करोगकारकांच्या गटात नेले.

त्यामुळे भावाने काळजी घ्यावीच. नोझल आपोआप बंद झाल्यावर वर आणखी पेट्रोल भरू नये, वाऱ्याच्या दिशेचा अंदाज घेऊन वाफ तोंडावर येणार नाही असे उभे राहावे, भिजलेले कपडे लगेच बदलावेत. पेट्रोलने हात धुण्याची आणि नळी तोंडाने ओढून पेट्रोल काढण्याची सवय असेल, तर ती आजच सोडावी. पंपावर वाफ परत ओढून घेणारी यंत्रणा बसवली आहे का आणि ती चालू असते का, हे त्याने मालकांना अवश्य विचारावे, आणि आपल्या कामाचे स्वरूप डॉक्टरांना सांगून रक्ततपासणी किती काळाने करावी, हे ठरवून घ्यावे.