जाळ, ठिणगी की प्लाझ्मा?

कोल्हापूरहून विचारणा आहे: मायक्रोवेव्हमध्ये पेटती काडी ठेवली की तिच्यावरून घुमत उठणाऱ्या लखलखीत गोळ्याला 'जाळ' म्हणावे का? आणि प्लाझ्माला मराठी शब्द कोणता?

जाळ म्हणू नये. हा गोळा प्लाझ्मा आहे, म्हणजे सुटे इलेक्ट्रॉन आणि आयन (विद्युतभारित अणू-रेणू) असलेला वायू. जाळाला जळण लागते, या गोळ्याला वीज. बटण बंद केले तरी काडी जळत राहते. गोळा मात्र तिथल्या तिथे नाहीसा होतो. 'जाळ आणि धूर संगटच' हेही इथे लागू नाही, कारण गोळ्याला स्वतःचा धूर नसतो.

ज्योतीत ज्वलनाच्या रासायनिक क्रियेमुळे थोडे सुटे इलेक्ट्रॉन आणि आयन असतातच. ओव्हनमधला मॅग्नेट्रॉन २.४५ गिगाहर्ट्झच्या लहरी सोडतो. त्यांच्या विद्युतक्षेत्रात हे इलेक्ट्रॉन वेग घेतात, वायूच्या रेणूंवर आदळून आणखी इलेक्ट्रॉन सोडवतात आणि साखळी सुरू होते. लहरींची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर, त्यामुळे आत क्षेत्राचा जोर साधारण ६-६ सेंटिमीटरवर एकवटतो. फिरती ताटली काडीला अशा जागी आणते तेव्हा गोळा उठतो, पुढे नेते तेव्हा मावळतो. तापलेला वायू हलका, म्हणून तो वर जाऊन छताला लागतो. तो कोंडायला ग्लास उपडा घातला तर काच एकाच जागी तापून तडकते. लहरी जिथून आत येतात तिथला अभ्रकाचा पत्रा करपतो, नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड तयार होतात. स्वयंपाकघरात हा उद्योग नकोच.

चुकून आत राहिलेल्या काट्याच्या टोकांवर जे उडते ते 'ठिणगी' म्हणणे बरोबर. भौतिकदृष्ट्या तोही प्लाझ्माच, पण क्षणभराचा, आणि बोलीतला शब्द तिथे चपखल बसतो.

मराठी विश्वकोशात प्लाझ्मासाठी 'आयनद्रायू' आहे. द्रायू म्हणजे वाहणारा पदार्थ, मग तो द्रव असो वा वायू. शब्द अर्थाला नेमका, पण तोंडात बसलेला नाही. लेखात एकदा देऊन पुढे 'प्लाझ्मा' लिहावे. रक्तातला प्लाझ्मा वेगळा, त्याला 'रक्तद्रव' आहेच. नाव तेवढे एक: रक्ताच्या संदर्भात ते आधीपासून होते, आयनीभूत वायूला ते १९२८ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्यूर यांनी दिले.

क्रियापद जपून वापरावे. 'प्लाझ्मा पेटला' म्हटले की काहीतरी जळते आहे असे वाटते. 'काडीच्या ज्योतीवर प्लाझ्मा उठला' असे लिहावे.