अंगणवाडीच्या वजनाच्या वहीतून करिअर होतं का?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. देवगड तालुक्यात २१ वर्षं अंगणवाडी सेविका आहात, लेक यंदा आर्ट्समधून बारावी झाली, आणि तिला ना डीएड करायचंय ना नर्सिंग, ती म्हणते मला लहान मुलं कशी वाढतात, घर आणि गाव त्यांना कसं घडवतं ह्यावर रिसर्च करायचाय. तिचे बाबा म्हणतात मुलांची वजनं तर तुझी आईपण करते, तिला कोणी विचारलं? गावात डॉक्टर झालेल्याचा सत्कार होतो, बँकेत लागलेल्याचा होतो, पण असल्या संशोधकाला कोणी शाल घातलेली बघितलीय का? आणि शेवटी तुम्ही विचारलंय की ह्या लाईनमधला माणूस मोठा झाला हे ओळखायचं तरी कशावरून.

बाबांचं चुकलेलं नाही. त्यांनी जे बघितलंय त्यावरून ते बोलतायत. पण त्यांना एक विचारा, शेजारच्या मालवणात १८९३ साली जन्मलेले गोविंद सदाशिव घुर्ये माहितीयत का? केंब्रिजला जाऊन पीएचडी करून आले, १९२४ पासून मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग सांभाळला, आणि एम. एन. श्रीनिवास, इरावती कर्वे ही पुढे देशभर गाजलेली माणसं त्यांच्या हाताखाली शिकली. भारतातल्या समाजशास्त्राचं नाव निघालं की घुर्यांचं नाव निघतंच, आणि आपल्या पोरांना मात्र मालवण म्हटलं की फक्त किल्ला आणि स्कूबा आठवतं, ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

दुसरं तर तुमच्या दारावरच्या पाटीवरच आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली आपल्या कोकणपट्टीच्या वरच्या टोकाला, बोर्डीला, गावातल्या आणि पाड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं. मुलं बालवाडीत येईनात तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली, अंगणवाडी हा शब्द तिथला. सोबत अनुताई वाघ होत्या, नंतर काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. बाहेरून आणलेली महाग खेळणी परवडत नाहीत म्हणून दगड, पानं, बिया, शिंपले घेऊन शिकवायचं, मूल काय करतं ते बघायचं, बघून पद्धत बदलायची. ताई, हे संशोधनच आहे, फक्त त्याला कोणी लॅब म्हटलं नाही! ताराबाईंना १९६२ ला पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८५ ला पद्मश्री. आणि सरकारची अंगणवाडी योजना देशात सुरू झाली ती २ ऑक्टोबर १९७५ ला, तेव्हा ताराबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती. म्हणजे कामाची सगळ्यात मोठी पावती आली ती त्यांच्या मागे. ह्या क्षेत्रात असं होतं, आणि लेकीला हे आत्ताच माहीत असलेलं बरं.

उशीर का होतो? तर मूल मोठं व्हायला जेवढी वर्षं लागतात तेवढी संशोधकालाही लागतात, त्याला शॉर्टकट नाही. अमेरिकेच्या हवाई राज्यातल्या काउआई नावाच्या बेटावर १९५५ साली जन्मलेली ६९८ बाळं मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदवली आणि ती चाळिशीला येईपर्यंत त्यांचा माग ठेवला. गरिबी, घरात दारू, भांडणं, आजारपण असं सगळं एकत्र वाट्याला आलेली जी मुलं होती त्यातलीही साधारण तिसरा हिस्सा मुलं चांगली, धडधाकट मनाची माणसं झाली, आणि त्यांच्यात वारंवार एक गोष्ट दिसली, आईबाप नाही तर आजी, मावशी, शेजारीण, शिक्षक, कोणीतरी एक माणूस त्या मुलाला धरून राहिलेलं होतं. आता आपल्याकडे बघा, आईवडील मुंबईला आणि पोर गावी आजीकडे अशी किती घरं तुमच्या वाडीत आहेत! त्यावर चाळीस वर्षं बसून कोणी बघितलंय?

दुसरं नाव युरी ब्रॉन्फेनब्रेनर, अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ. त्यांचं म्हणणं असं की मुलाला फक्त घर आणि शाळा घडवत नाही, बापाच्या नोकरीचं ठिकाण, गावची परिस्थिती, सरकारचे नियम, हेही घडवतात, मूल तिथे कधी गेलं नसलं तरी. चाकरमान्याच्या घरातल्या माणसाला हे समजवायला नको, मुंबईत बाबाची पाळी बदलली की इथे गणपतीला मूल रुसून बसतं. अमेरिकेत १९६५ ला गरीब घरातल्या छोट्या मुलांसाठी हेड स्टार्ट योजना निघाली तिच्या उभारणीत ते होते, आणि आज तिथली मानसशास्त्रज्ञांची संघटना त्यांच्याच नावाने आयुष्यभराच्या कामाचा सन्मान देते, विज्ञान आणि समाज दोघांच्या कामी आलेल्या संशोधकाला. म्हणजे शालही आहे, फक्त ती पन्नाशी-साठीनंतर पडते.

म्हणून मोठा संशोधक कसा ओळखायचा तर मी तीन गोष्टी बघते. एकाच प्रश्नाला किती वर्षं धरून राहिला, त्याचं काम दुसरं कोणी वापरतं का, आणि त्याच्या हाताखाली शिकलेली पोरं पुढे गेली का. तिसरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

एक माझं सांगते. एमएला असताना मी एका सर्व्हेत दोन पावसाळे वाड्या-वाड्यांत फिरले, उंची-वजनं घेतली, आयांशी बोलले, आमच्यासोबत तिथल्या दोन सेविका रोज पायपीट करायच्या. रिपोर्ट छापून आला त्यात आमचं कोणाचंच नाव नव्हतं, सेविकांचं तर आभारातही नाही. मला अजून ते बोचतं. लेकीला सांगा, पुढे कधी गाईड निवडताना आधी त्याच्या जुन्या विद्यार्थ्यांना भेट, विद्यार्थ्यांची नावं शोधनिबंधावर टाकतात का विचार. आणि तिने स्वतः कधी लिहिलं तर आईसारख्या बायकांचं नाव पहिल्या पानावर यायला हवं.

आता पैशांचं, कारण बाबा तेच विचारणार. पहिली सहा-सात वर्षं तंगीची. बीए सायकॉलॉजी किंवा सोशिऑलॉजी घेऊन, नाहीतर होम सायन्समधलं ह्युमन डेव्हलपमेंट (मुंबईत एसएनडीटी आणि निर्मला निकेतनला आहे), मग एमए. टिसला (मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था) जायचं तर सीयूईटी पीजी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. लोकसंख्या आणि आकडेवारीत रस असेल तर मुंबईत देवनारची आयआयपीएस ही लोकसंख्या अभ्यासाची संस्था, देशाचा कुटुंब आरोग्य सर्वेक्षण अहवाल तिथूनच होतो. एमएला ५५ टक्के आणि नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर महिन्याला ३७,००० आणि वर घरभाडं, पीएचडी करताना. जेआरएफ नाही मिळाली तर प्रोजेक्टवरच्या नोकऱ्या, त्या बहुतेक कंत्राटी, हे लपवत नाही. कायम नोकरी कॉलेजात, आणि त्या जागा कमी निघतात. म्हणून आकडेवारीचं सॉफ्टवेअर आणि इंग्रजी लिखाण बीएलाच पक्कं करायचं, ह्या दोन गोष्टी येणाऱ्या मुलीला संस्था शोधत येतात.

आणि एक करून बघा. तुमच्याकडे आंब्याच्या बागेत राखणीला आलेल्या नेपाळी कुटुंबांची मुलं असतील, घरात नेपाळी, अंगणवाडीत मराठी, टीव्हीवर हिंदी. पुढच्या वजनाच्या दिवशी लेकीला सोबत न्या, तिला फोन बाजूला ठेवून तासभर एकाच मुलाकडे बघायला सांगा, तो कोणाशी कुठल्या भाषेत बोलतो, कधी गप्प होतो, एवढंच लिहायचं, मुलाचं नाव न लिहिता आणि त्याच्या आईला आधी विचारून. असं आठ दिवस. नवव्या दिवशी तिला कंटाळा आला असेल तर आपण डीएडचं बोलू, आणि तिने स्वतःहून दुसरी वही मागितली तर ती वही घेऊन दोघी रत्नागिरीला या, बाबांनाही आणा.

तुमची,
मॅडम