मुलीला सीईटीत 97.6 पर्सेंटाइल, प्रवर्ग ओबीसी. पुण्यात चांगल्या कॉलेजात कॉम्प्युटर मिळेल का?

तुम्ही दिलेली माहिती अशी: गाव बार्शी, मुलीची बारावी लातूरला, एमएचटी-सीईटी (राज्याची इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षा) पीसीएम म्हणजे भौतिकशास्त्र-रसायनशास्त्र-गणित गटात 97.6, ओबीसी, उत्पन्न आठ लाखांच्या आत. मनात पुण्यातली सीओईपी नाहीतर पीआयसीटी ही इंजिनिअरिंग कॉलेजं, आणि क्लासवाल्यांनी सांगितलंय की "पुणे विसरा". मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतो आणि दर पावसाळ्यात आमच्याकडच्या मुलांचे ऑप्शन फॉर्म (कॉलेज आणि शाखांच्या पसंतीची यादी) भरताना त्यांच्या शेजारी बसतो. पुणे विसरायची अजिबात गरज नाही. या दोन कॉलेजांतलं कॉम्प्युटर मात्र आवाक्याबाहेर आहे, हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं शांतपणे वाचता येईल.

सीओईपीत कॉम्प्युटरचा खुल्या प्रवर्गाचा कटऑफ 99.8 च्या वर राहत आला आहे, पीआयसीटीत 99 च्या वर. ओबीसीच्या आणि मुलींच्या जागांना तो खाली येतो, पण 97.6 पर्यंत उतरेल असं धरून चालू नये. फरक दिसायला छोटा आहे. पीसीएम गटाला चार लाखांहून जास्त मुलं बसतात, म्हणजे एका पर्सेंटाइलमध्ये चार हजारांवर मुलं. 97.6 आणि 99 यांच्या मध्ये साडेपाच-सहा हजार जण आहेत.

म्हणून माझं पहिलं सांगणं: पर्सेंटाइल घेऊन अंदाज बांधूच नका. गुणवत्ता यादी लागली की राज्य गुणवत्ता क्रमांक मिळेल, तो हातात घ्या. पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेला बसलेल्या सगळ्यांमधली जागा, आणि त्यातली कितीतरी मुलं या प्रवेशाला येतच नाहीत. क्रमांक मात्र प्रवेशासाठी नोंदणी केलेल्यांमधला असतो. सीईटी सेलच्या (ही परीक्षा आणि प्रवेश सांभाळणारं राज्याचं कार्यालय) कटऑफच्या पीडीएफमध्ये प्रत्येक चौकटीत दोन आकडे दिसतील: वर क्रमांक, खाली कंसात पर्सेंटाइल. बहुतेक पालक फक्त कंसातला वाचतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथेच घरोघरी गफलत होते. कटऑफ एक नसतो. एकाच कॉलेजच्या एकाच शाखेला दहा-पंधरा रकाने असतात आणि तुमच्या मुलीचा रकाना कोणता हे कळल्याशिवाय "लागेल की नाही" याला अर्थ नाही. रकान्याच्या नावातलं पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींसाठी राखीव, मध्ये प्रवर्ग, शेवटी एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी (त्या कॉलेजच्याच विद्यापीठ क्षेत्रातले), ओ म्हणजे त्याबाहेरचे, एस म्हणजे राज्यस्तर. होम युनिव्हर्सिटी गावावरून किंवा डोमिसाइलवरून ठरत नाही, बारावी जिथून झाली त्यावरून ठरते. गाव बार्शी, म्हणून सोलापूर विद्यापीठ असं तुम्ही लिहिलंय, पण बारावी लातूरची असल्याने तिचं विद्यापीठ नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. पुण्यातल्या विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांत ती दोन्ही हिशेबांनी "ओ" मध्येच जाते, तिथे साधारण तीस टक्के जागा असतात. पण लातूर-नांदेडकडच्या कॉलेजांसाठी हा फरक मोठा आहे, तिथे ती "एच". पुण्यातल्या मैत्रिणीला कुठे मिळालं त्यावरून तुमचा अंदाज बांधू नका, तिचा रकाना वेगळा आहे. काही शासकीय आणि स्वायत्त संस्था जागा राज्यस्तरावर भरतात, तिथे "एस" वाचा.

मुलगी आणि ओबीसी, म्हणजे ती चार दारांतून आत जाऊ शकते: सर्वसाधारण खुली, मुलींची खुली, सर्वसाधारण ओबीसी, मुलींची ओबीसी. चारही रकाने बघा. "ओबीसी आहोत तर ओबीसीचाच बघायचा" असं करून लोक स्वतःचं नुकसान करतात.

किती वर्षं मागे जायचं? शक्यतो दोन, आणि फेरी फेरीशी जुळवून. 2025 मध्ये तीनाऐवजी चार कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेऱ्या झाल्या, त्यामुळे आधीच्या वर्षीची शेवटची फेरी आणि ही शेवटची फेरी शेजारी ठेवून चालत नाही. पहिली पहिलीशी ताडून बघा. शिवाय 2024-25 पासून एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) प्रवेश क्षमतेवरची मर्यादा उठवली आणि बऱ्याच खासगी कॉलेजांनी कॉम्प्युटर, एआय अशा शाखांच्या जागा वाढवल्या. 2022 चा कॉम्प्युटरचा कटऑफ आज दाखवून कुणी घाबरवत असेल तर त्याकडे लक्ष देऊ नका. मोबाइलवरचे प्रेडिक्टर बहुतेक गेल्या वर्षीचा तक्ताच पुढे करतात. तो तुम्ही फुकट वाचू शकता.

मला काय शक्य वाटतं? कर्वेनगरचं कमिन्स मुलींचंच कॉलेज आहे आणि तुमच्या मुलीसाठी ते मी यादीत अगदी वर ठेवीन. कॉम्प्युटर अटीतटीचं, पण ईएनटीसीची (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) आशा जास्त. निगडीचं पीसीसीओई कॉम्प्युटरसाठी खऱ्या अर्थाने टप्प्यात असू शकतं. सीओईपीच हवं असेल तर सिव्हिल, मेटलर्जी, मॅन्युफॅक्चरिंग यांचे मुलींचे ओबीसी रकाने जरूर बघा. सांगलीचं वालचंद कॉलेजही विसरू नका. शाखा मोठी की कॉलेज मोठं यावर माझं मत स्पष्ट आहे: मुलीला कोडिंगची खरंच ओढ असेल तर कमी नावाच्या कॉलेजात कॉम्प्युटर घ्यावं, आणि फक्त "सगळे घेतात" म्हणून कॉम्प्युटर हवं असेल तर सीओईपीचं सिव्हिल लाख पटीने बरं. पण हे तिला विचारा. तुमच्या प्रश्नात तिला काय आवडतं ते कुठेच आलेलं नाही.

ऑप्शन फॉर्मचा क्रम आवडीचा ठेवा, कटऑफचा नाही. वर अवघड कॉलेज लिहिलं म्हणून खालचं हुकत नाही. वरचं मिळालं नाही तर संगणक पुढच्या पर्यायाकडे जातो, इतकंच. "तिथे कुठे लागायचंय" म्हणून पालक वरची नावं खोडतात आणि मग त्याच क्रमांकाच्या मुलीला तिथे जागा मिळालेली बघतात, याचं मला दरवर्षी वाईट वाटतं. फक्त एक अट सांभाळा. 2025 च्या नियमाप्रमाणे पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनातला किंवा तिसऱ्या फेरीत पहिल्या सहातला मिळाला, तर जागा आपोआप पक्की होते आणि पुढच्या फेऱ्या बंद. म्हणून वरच्या सहात नकोसं काहीही नको. यंदाची माहितीपुस्तिका आली की हा नियम आधी वाचून घ्या.

मॅनेजमेंट कोट्यासाठी आत्तापासून कुणाला पैसे देऊ नका. जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण प्रवेश कॅपमधून झाला तरच. वसतिगृह आणि खाणावळीचा खर्च तुमच्यावरच येईल, तो आधी धरा.

आणि यातलं काहीही कागदांशिवाय उभं राहत नाही. जात वैधता प्रमाणपत्र हातात आहे का? नॉन-क्रीमिलेअर पुढच्या 31 मार्चपर्यंत वैध आहे का? मुदतीत नसेल तर ती थेट खुल्या प्रवर्गात मोजली जाते आणि वर सांगितलेल्या चार दारांपैकी दोन बंद होतात. सेतू केंद्रात उद्याच जा. पडताळणी समितीकडे अर्ज प्रलंबित असेल तर त्याची पावती आणि जातीचा दाखला एकाच फाइलमध्ये लावून मुलीला सुविधा केंद्रावर सोबत घेऊन जा. गुणवत्ता क्रमांक आला की इथेच खाली लिहा, रकाने आपण मिळून बघू.