ड्रायव्हर नसलेल्या गाड्या आल्या तर तुम्हाला कसं वाटेल? भीती वाटेल की बरं वाटेल?

भीती की बरं, हे सांगतोच, पण तुम्ही प्रश्नाखाली जे जोडलंय ना, "तसंही ड्रायव्हिंगला काय डोकं लागतं", त्याच्यासाठी लिहायला बसलोय. हेच वाक्य माझ्या धाकट्या भावानं एकदा भर पंगतीत आबांच्या समोर म्हटलं होतं. आबा म्हणजे आमचे वडील. निपाणीत तीस वर्षं वडाप केलं, म्हणजे शेअर गाडीनं माणसं नेली-आणली, आधी मॅटाडोर, मग ट्रॅक्स. त्या दिवशी काही बोलले नाहीत, ताटातला भात तसाच ठेवून उठले.

2011 ची गोष्ट. माघात चिंचलीला मायाक्काची जत्रा असते, तिथनं गल्लीतली बारा-तेरा माणसं घेऊन रात्री परत येत होतो. मागं सगळे झोपलेले, पुढं मी. चिकोडी सोडली. कारखान्यांचा सीझन म्हणजे तुम्हाला माहीतच असेल, दोन-दोन ट्रेलर जोडलेले उसाचे ट्रॅक्टर, मागं ना लाल लाईट ना रिफ्लेक्टर, आणि आतला रस्ता असल्यामुळं पांढरा पट्टा वगैरे काही नाही. आबांनी एकदम पाय काढला आणि गाडी तिसऱ्यावर घेतली. समोर काय नव्हतं, मी नीट बघितलं, काळोख होता नुसता. काय झालं म्हटलं तर म्हणाले, "ऊस पडलाय बघ की. अजून चिरडलेला न्हाय." लाईटात बघितलं तर खरंच डांबरावर चार-पाच टिपरं पडलेली, अख्खी. म्हणजे त्याच्यानंतर त्या रस्त्यानं कोण गेलंच नव्हतं, ट्रॅक्टर हितंच कुठंतरी पुढं असणार. वळण घेतलं तर मागच्या ट्रेलरचं चाक फुटून तो निम्मा रस्ता अडवून उभा, चाकाला दगड लावलेला, आणि ड्रायव्हर बाजूला बसून बिडी ओढतोय. आबा शिवी पण हाळी दिल्यासारखी द्यायचे, ती एक दिली आणि बाजूनं काढली गाडी. मागचं कोण जागं सुद्धा झालं नाही.

आता कोण म्हणेल लायडार, म्हणजे लेसरनं आजूबाजूचं बघणारं यंत्र, असता तर त्याला अंधारात पण ट्रेलर दिसला असता. दिसला असता, मान्य. पण दिसणं वेगळं आणि कळणं वेगळं. 2018 ला अमेरिकेत ॲरिझोनात उबरच्या टेस्टिंगच्या, आपोआप चालणाऱ्या गाडीनं रात्री सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या बाईला उडवलं, त्या गाडीला ती बाई पाच सेकंद आधी दिसली होती. पण त्या यंत्राला ती बाई कधी दुसरी गाडी वाटायची, कधी सायकल, कधी भलतंच काहीतरी, आणि ते ठरवण्यातच वेळ गेला. लक्ष ठेवायला आत बसलेली ड्रायव्हर मोबाईल बघत होती ते वेगळंच.

धाकटा आता बेंगळुरात असतो, ॲडासवाली गाडी घेतलीय, म्हणजे कॅमेरा-सेन्सरवर ड्रायव्हरला मदत करणारी. दिवाळीला आला तेव्हा हायवेवर लई मिरवला, बघ स्टिअरिंग आपोआप वळतंय म्हणून. निपाणीच्या बाजारात शिरला आणि टुंटुं टुंटुं सुरू, प्रत्येक मोटरसायकलला, प्रत्येक म्हशीला, शेवटी एका लुनावाल्याला बघून गाडीनं असा करकचून ब्रेक मारला की वहिनीच्या मांडीवरचा चिवड्याचा डबा खाली. त्यानं गपचूप सगळं बंद केलं आणि आपण चालवायला लागला. मी काही बोललो नाही, नुसता चिवडा वेचला. डोकं लागतं ते असं.

भारतात येणार का, तर गडकरी 2023 मध्ये नागपुरात बोलले होते की ड्रायव्हरांच्या नोकऱ्या जातील म्हणून मी येऊच देणार नाही. मंत्री कायमचे नसतात, त्यामुळं त्यावर जाऊ नका. तिकडं सॅन फ्रान्सिस्कोत वेमो कंपनीच्या गाड्या ड्रायव्हरची सीट मोकळी ठेवून रोज भाडी मारतातच. पण तिथली लेन आणि चिकोडीचा रस्ता, जाऊ दे.

एक मात्र सांगायला पाहिजे, नाहीतर खोटं होईल. 2022 ला देशात अपघातात 1 लाख 68 हजार माणसं मेली, ती काय यंत्रानं मारली नाहीत. आणि आबांना शेवटी शेवटी शुगर होती. एकदा दुपारी तवंदी घाट उतरताना मी शेजारी होतो, त्यांचा डोळा लागला. गाडी डिव्हायडरला घासत गेली, डावीकडच्या दारापास्नं मागच्या चाकापर्यंत... चुकलो, उजवीकडच्या. मी स्टिअरिंग ओढलं म्हणून वाचलो. त्या दिवशी तसलं टुंटुं करणारं काहीतरी गाडीत असतं तर बरं झालं असतं, हे मी धाकट्यासमोर कधी म्हणणार नाही. तेव्हा बसेन का त्या गाडीत? हायवेला बसेन. सीझनमध्ये आतल्या रस्त्याला नाही.

घरी सांगितलं होतं की दार मी घासलं. धाकटा अजून त्यावरनं चिडवतो, तुला रिव्हर्स पण येत नाही म्हणून. चिडवू दे.