अनोळखी माणसाकडून यूपीआयने 6,000 आले म्हणून बँकेने माझं पूर्ण खातं गोठवलं. असं करता येतं का? आणि सुटणार कधी?

करता येतं. बँकेतलं खातं ही पोलिसांना जप्त करता येण्याजोगी मालमत्ता आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्येच तापस नियोगी प्रकरणात ठरवलं. तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 102 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 106 आहे. पण संशय 6,000 वर आणि कुलूप सगळ्या खात्याला, हा न्याय कुठला ते मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही. आणि मी ते भोगलंय.

ग्वाल्हेरला लश्करमध्ये आमचं पेट्यांचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. पेटी म्हणजे हार्मोनियम. तानसेन समारोहाच्या आधीचे दिवस. एक पोरगा आला, दुहेरी सुरांची पेटी काढायला लावली आणि भाता न हलवताच पट्ट्या दाबून बघायला लागला. शिकाऊ असेल म्हटलं. 14,500 सांगितले. घासाघीस नाही, काही नाही, तिथेच मी शहाणं व्हायला हवं होतं. पैसे आले ते भलत्याच नावाने. म्हणाला, मावसभावाचं खातं आहे. मी वहीत पेटीचा नंबर लिहून घेतला, पक्कं बिल केलं नाही. तो मागत नव्हता, मला कंटाळा आला.

अकरा दिवसांनी महाराज बाड्यावर, म्हणजे इथल्या बाजाराच्या चौकात, दुधाचे 132 रुपये जाईनात. आधी वाटलं नेटवर्क. बँकेत गेलो तर बाईंनी स्क्रीन अर्धी माझ्याकडे वळवली: डेबिट फ्रीज, म्हणजे खात्यातून पैसे बाहेर जाणं बंद, एक तक्रार क्रमांक आणि दोन राज्यं पलीकडच्या सायबर ठाण्याचं नाव. तिकडे कुणाला तरी गंडवलं होतं, त्याने सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनला फोन लावला, आणि त्याचे पैसे या खात्यातून त्या खात्यात उड्या मारत माझ्या पेटीपर्यंत पोचले होते. खात्यात 2 लाख 18 हजार होते, त्यात मुलीची हॉस्टेलची फी. ‘तिकडे जाऊन भेटा’ एवढंच बँकेचं म्हणणं.

खातं बंद असतानाच संक्रांत आली. साडूंकडे जेवायला होतो. साडू बँकेतून रिटायर झालेले. गुळाची पोळी मोडता मोडता सगळ्यांसमोर म्हणाले, ‘‘बँक कुणाचं खातं उगाच गोठवत नाही हो.’’ पुढे कुणी काही बोललं नाही. बायको ताटात बघत राहिली.

तर साडू, वाचत असाल तर ऐका. तुमची बँक चौकशी करून गोठवत नाही. सायबर तक्रारींच्या सरकारी पोर्टलवरून क्रमांक येतो, ती बटण दाबते. ज्याचे पैसे त्याच्या परवानगीशिवाय गेले त्याच्यासाठी रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 ला परिपत्रक काढलं: चूक त्याचीही नाही आणि बँकेचीही नाही, तर तीन कामाच्या दिवसांत कळवलं की त्याच्यावर भार शून्य. ठीकच आहे. पण माल विकून ज्याच्याकडे पैसे आले, त्याने कुणाकडे जायचं? त्या परिपत्रकात त्याच्यासाठी ओळ नाही. केरळ उच्च न्यायालयाने 2023 मध्ये बँकांना सांगितलं की पोलिसांनी जेवढी रक्कम संशयित म्हटलीय तेवढीच अडवा. निकाल केरळचा, आमच्या शाखेवर बंधनकारक नाही, पण अर्जात तो लिहिल्यावर मॅनेजरने पहिल्यांदा कागद शेवटपर्यंत वाचला.

तुम्ही काय करायचं? बँकेकडून तक्रार क्रमांक आणि ठाण्याचा ईमेल लेखी मागा, तोंडी ऐकून परत येऊ नका. तपास अधिकाऱ्याला व्यवहाराचा पुरावा पाठवा. मी वहीचं पान, दुकानाचे फोटो आणि त्या पोराचे पेटीची चौकशी करणारे मेसेज पाठवले. पाच ईमेल. सहाव्यानंतर बँकेला पत्र आलं आणि 47 व्या दिवशी 14,500 सोडून बाकी खातं उघडलं. 106 खाली जप्ती केली तर पोलिसांनी मॅजिस्ट्रेटला ताबडतोब कळवायचं असतं, ते कळवलं का हे जरूर विचारा. उत्तर बहुधा येत नाही, पण विचारलं की फाइल हलते. तेवढ्यावर नाही भागलं तर अडकलेले पैसे सोडवायला त्याच संहितेच्या कलम 503 खाली मॅजिस्ट्रेटकडे अर्ज, किंवा हायकोर्ट. कधी सुटेल ते मी कसं सांगू, माझ्या 47 दिवसांवर तुमचे दिवस मोजू नका.

मी वकील नाही, पेट्या दुरुस्त करतो. आणि हे सगळं सरळ धंद्याच्या पैशाबद्दल. कमिशन घेऊन कुणाला खातं वापरायला दिलं असेल, किंवा अनोळखी माणसाला क्रिप्टो विकून पैसे आले असतील, तर प्रकरण वेगळं, आधी वकील गाठा. एका गोष्टीवर उच्च न्यायालयांचंही एकमत नाही: गुन्ह्यातून आलेला पैसा 106 ने रोखायचा, की 107 खाली आधी मॅजिस्ट्रेटचा हुकूम घ्यायचा. तुमचा वकील हा मुद्दा काढेलच. नाही काढला तर वकील बदला.

माझे 14,500 अजून तसेच अडकलेले आहेत. दिवाळीला साडू आले तेव्हा मी मुद्दाम मोबाइलवर खातं उघडून दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, ‘‘व्याज तर मिळतंय ना?’’