सासूबाईंची बरणी आणि सोन्याचा सांधा

प्रश्न : सासूबाईंची लोणच्याची चिनी मातीची बरणी, वरून तपकिरी नि खालून पांढरी, माळ्यावरून काढताना ओट्यावर आपटली. गळ्याचे तीन तुकडे झाले. एक चिमुकला त्रिकोणी टवका उडाला, तो मी वाटीत जपून ठेवलाय. लेक म्हणते, जपानी किंत्सुगीने जोडू. तिने ऑनलाइन संचही मागवलाय. सासूबाई म्हणतात, फुटकं भांडं घरात नको. जोडलेल्या बरणीत लोणचं घालता येईल का? (सोबत बरणीचा आणि संचाचा फोटो.)
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : लोणचं नको. हे आधी सांगून टाकतो, कारण कैऱ्या बाजारात आल्यात आणि तुमची घाई पत्रातून दिसतेय.

संचाचा फोटो नीट पाहिला. इपॉक्सी या रासायनिक गोंदाच्या दोन नळ्या, एक कुंचला आणि डबीत सोनेरी पूड. या किमतीत सोनं कुठून येणार? पूड पितळेची असणार, नाहीतर अभ्रकाची. माझे वडील भांड्यांना डाख लावायचे, त्यामुळे बिनकल्हईच्या पितळेत ताक कळकतं हे मी पाढ्यांच्या आधी शिकलो. तिथे तर वर्षभर मीठ आणि कैरीचं आंबट त्या सांध्याला चाटत बसणार. इपॉक्सीही खाण्याच्या भांड्यासाठी चालणारं आहे, असं त्या खोक्यावर कुठे लिहिलेलं दिसत नाही.

खरी किंत्सुगी वेगळी. ‘किन’ म्हणजे सोनं, ‘त्सुगी’ म्हणजे सांधणं. पण सांधायचं काम सोनं करत नाही, उरुशी नावाच्या झाडाचा चीक करतो. झाड दहा-पंधरा वर्षांचं झालं की सालीला चिरा देऊन चीक काढतात. एका झाडाचा पूर्ण हंगामात मिळतो जेमतेम २०० ग्रॅम, म्हणजे आपली एक वाटी. चिकात गव्हाचं पीठ मळून तुकडे चिकटवायचे, उडालेल्या जागी चिकात बारीक माती कालवून लिंपायची, घासायचं, पुन्हा चीक फिरवायचा आणि शेवटचा हात ओलसर असतानाच सोन्याची पूड भुरभुरायची. एका वाडग्याला महिने लागतात.

हा उरुशी आपल्या बिब्ब्याचा भाऊबंद, दोघंही आंब्याच्या कुळातले. धोबी कपड्यांवर खूण कशाने करतो हे पाहायला लहानपणी मी बिब्बा फोडून त्याचं तेल मनगटावर लावलं होतं. असा उतला की आठवडाभर आई खोबरेल चोळत होती, वर बोलणी वेगळी. उरुशीचं काम शिकणाऱ्यांचेही हात असेच उततात. आणखी एक गंमत : आपला रंग उन्हात वाळतो, हा चीक दमट हवेत घट्ट होतो. त्यासाठी लाकडी कपाटात ओली फडकी ठेवून ७०-८० टक्के आर्द्रता राखतात. नाशिकच्या एप्रिलमधल्या दुपारी तो ढिम्म वाळायचा नाही, श्रावणात जमेल.

आता सासूबाईंचं. त्यांना सांगा, जपानी माणूसही फुटलेला प्रत्येक कप सोन्याने जोडत बसत नाही. साधी भांडी तिथेही कचऱ्यात जातात. मोबाइलवर फिरणारी ‘तुटण्यातलं सौंदर्य’ छाप वाक्यं मला तर अजीर्ण होतात. मात्र एक गोष्ट त्यांना जरूर वाचून दाखवा. टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात हिरवट झिलईचा एक चिनी वाडगा आहे. १५व्या शतकात तो आशिकागा योशिमासा या शोगुनकडे, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशाकडे होता. त्याला तडा गेला, तेव्हा असाच दुसरा द्या म्हणून तो चीनला पाठवला. तिथून उत्तर आलं, असा आता घडवता येत नाही. आणि तोच वाडगा लोखंडी टाके मारून परत आला, असं सांगतात. सोनं नाही, सरळ लोखंड. त्या टाक्यांसकट तो आजवर जपलाय. आपण भांड्याला डाख लावतो, धोतराला ठिगळ लावतो, तेव्हा अपशकुन आठवत नाही. मातीनेच काय घोडं मारलंय?

तेव्हा लेकीला बरणी जोडू द्या. फक्त फुटलेल्या कडांत वर्षानुवर्षांचं तेल मुरलंय, त्यावर काहीच धरणार नाही. गरम पाणी आणि सोड्याने कडा घासा, दोन दिवस उन्हात ठेवा. गोंद न लावता तुकडे एकदा बसवून पाहा. तो त्रिकोणी टवका शेवटी बसणार की आधी, हे तेव्हाच कळेल. नंतर बरणीत लाटणी-उलथणी उभी करा. लोणच्याला नवी बरणी आणा.

प्रश्न : (त्याच पाकिटात, वेगळ्या कागदावर, थरथरत्या अक्षरात) माझ्या माहेरी, औरंगाबादेस, बरणीला मर्तबान म्हणत. हा कुठला शब्द?
– वरच्या पत्रातील सासूबाई

उत्तर : आजी, तो गावाच्या नावाचा शब्द. ब्रह्मदेशात मर्तबान नावाचं बंदर होतं, आज त्याला मोत्तमा म्हणतात. तिथून झिलईदार मोठे रांजण जहाजांवर चढायचे, म्हणून रांजणालाच ते नाव पडलं. १४व्या शतकातला प्रवासी इब्न बतूता लिहितो, की एका राजकन्येने त्याला समुद्रप्रवासासाठी चार मर्तबान भरून दिले. आत काय होतं? आलं, मिरी, लिंबं आणि आंबे. मीठ लावलेले.